बाईंच्या सायकलची पुली
(१९९४ च्या दहावीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा विषय दिला होता, 'संगणक क्षेत्रातील माझी वाटचाल'. मी त्यांना म्हटलं, माझी वाटचाल रोज सकाळी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये तासभर उभी असते, त्यावर बोलण्यासारखं फार काही नाही. त्याऐवजी मी आज एका सायकलबद्दल बोलणार आहे. ती सायकल तुम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहे. आत येताना जिन्याखाली उभी दिसली असेल, आणि तीस वर्षांपूर्वीही आपल्या सायकल स्टँडच्या अगदी कडेला, शिक्षकांच्या रांगेत, ती रोज उभी असायची. गणिताच्या बाईंची हिरवी लेडीज रॅले.

त्या काळचा आपला स्टँड आठवा. अ‍ॅटलस, हिरो, हर्क्युलस यांची काळी गर्दी. ज्यांच्या वडिलांना बढती मिळाली असेल त्यांची बीएसए एसएलआर. या सगळ्यांत बाईंच्या सायकलला एक गोष्ट होती जी इतर कुणाकडे नव्हती: उजव्या मुठीजवळ छोटासा खटका आणि त्यावर १, २, ३ हे आकडे. गिअर! स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गिअरचा हब. बाई गेटातून बाहेर पडताना तो खटका टिक-टिक वाजवत जायच्या आणि आपण बघत राहायचो.

आता कबुलीजबाब. आपण दहावीत होतो, डिसेंबर १९९३. गॅदरिंगच्या तालमी चालू होत्या. बाई सायकलला कधी कुलूप लावत नसत. मी आणि अजून एकजण, जिचं नाव मी सांगणार नाही पण जी आत्ता तिसऱ्या रांगेत पाण्याच्या बाटलीत तोंड घालून बसली आहे, अशा आम्ही दोघी ती सायकल न विचारता घेऊन डबलसीट निघालो. ओंकारेश्वराकडे नदीच्या दिशेने उतार आहे, तिथे गिअर बघायचे असं ठरलं होतं. मी पुढे. खटका वर, खटका खाली, वर, खाली. उतारावर तोल गेला आणि सायकल उजव्या अंगावर, गटाराच्या कडेच्या दगडावर आपटली. आम्हाला खरचटलं, ते काही विशेष नाही. पण गिअरची वायर जिच्यावरून वळते ती छोटी चाकी तिच्या पट्टीसकट निखळली. पट्टी वाकडी होऊन रस्त्यावर पडली आणि चाकी गटारात गेली. वायर लोंबायला लागली.

आम्ही काय केलं? वेणीची लाल रिबीन सोडली, लोंबणारी वायर फ्रेमला बांधली, सायकल होती तिथे आणून ठेवली आणि तालमीला जाऊन समूहगीत म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बाई वर्गात आल्या आणि त्यांनी वर्गसमीकरणं शिकवली. सायकलचा विषयही काढला नाही. आठवडा गेला, महिना गेला, बोर्डाची परीक्षा झाली. आम्ही सुटलो असं आम्हाला वाटलं.

मध्ये तीस वर्षं गेली. मी इंजिनिअर झाले. माझ्या हाताखाली आता अकरा जणांची टीम आहे आणि त्या टीमला माझा पहिल्या दिवसापासून एकच नियम आहे: ज्याच्या हातून बिघडलं त्याने सगळ्यांत आधी येऊन सांगायचं. चूक चालेल, लपवणं चालणार नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा बोलले आहे की मुलं माझी नक्कल करतात. ते बोलताना मला ती रिबीन एकदाही आठवली नाही, हेही सांगून टाकते.

गेल्या वर्षी बाईंचा फोन आला. सहकारनगरमधल्या त्यांच्या सोसायटीचं नव्याने बांधकाम होणार होतं, घर रिकामं करायचं होतं. "तुझ्याकडे पार्किंगला जागा आहे म्हणे. माझी सायकल नेतेस का? भंगारात द्यायचा धीर होत नाही." मी गेले. सायकल पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या चादरीत गुंडाळलेली होती. चादर काढली. वायरचं नीट वेटोळं करून सीटखाली पांढऱ्या दोऱ्याने बांधून ठेवलेलं. पट्टी नव्हती, चाकी नव्हती. म्हणजे बाईंनी ती कधीच दुरुस्त केली नव्हती.

त्या दिवशी मी बाईंना काही बोलले नाही. सायकल गाडीच्या टपावर बांधली आणि घरी आणली.

त्या सायकलचा इतिहास मला बाईंकडूनच कळला. ती मूळची त्यांच्या आत्याची. आत्या ससून रुग्णालयात नर्स होत्या आणि परदेशी परत निघालेल्या एका बाईंकडून त्यांनी ती वापरलेली विकत घेतली होती. स्टर्मी-आर्चरच्या हबवर वर्षाचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात. या हबवर ५१ आहे, म्हणजे १९५१. बाईंचं घर तेव्हा इथेच शनिवार पेठेत, नदीच्या बाजूला होतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि वाडा पडला. आत्या त्या दिवशी ड्यूटीवर होत्या, त्यामुळे सायकल ससूनमध्ये होती आणि वाचली. घरातल्या फार थोड्या वस्तू वाचल्या, त्यातली ही एक. पुढे पूरग्रस्तांच्या सोसायट्या सहकारनगरला झाल्या, हे कुटुंबही तिकडे गेलं. बाई नोकरीला लागल्या तेव्हा आत्याने सायकल त्यांना दिली. आम्ही काय मोडलं होतं ते मला तेव्हा, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं.

मग मी ठरवलं की आधी ती दुरुस्त करायची आणि मग बाईंकडे जायचं. इथून पुढे थोडं तांत्रिक आहे. पण ते मी गाळू शकत नाही, का ते शेवटी सांगते.

आपल्याकडच्या जुन्या सायकलींना ब्रेक असतात ते सळ्यांचे. या सायकललाही तसेच आहेत. म्हणजे अख्ख्या सायकलवर वायर एकच, गिअरची. ती खटक्यापासून निघते तेव्हा एका बाहेरच्या नळीत असते, जिला मेकॅनिक आउटर म्हणतात. हा आउटर पुढच्या नळीवर एका घट्ट पट्टीत संपतो. तिथून पुढे वायर उघडी. ती फ्रेमच्या तिरक्या नळीलगत खाली येते, सीटच्या उभ्या नळीवरच्या छोट्या चाकीवरून, म्हणजे पुलीवरून वळते आणि मागे हबपर्यंत जाते. हबच्या टोकाशी एक बारीक साखळी असते, ती आतल्या दांड्याला ओढते. किती ओढली यावर गिअर ठरतो. म्हणजे पहिल्या पट्टीचं काम जागचं न हलणं, आणि दुसरीचं काम वायरला न घासता वळवणं. या दोन गोष्टी नसतील तर कितीही चांगला हब असला तरी खटक्याची ओढ त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

मी इंजिनिअर असल्यामुळे पहिली चूक लगेच केली. ऑनलाइन बघून एक पट्टी मागवली. आली ती ३१.८ मिलिमीटरची, आजकालच्या जाड नळ्यांसाठीची. या सायकलवर ती बांगडीसारखी फिरायला लागली. दुसरी मागवली ती २५.४ ची, ती बसेचना.

मग एका दुकानात गेले. तो म्हणाला, "मॅडम, पट्टी कशाला शोधताय? दहा मिनिटांत वेल्डिंग मारून देतो, जन्मात हलणार नाही." माझा होकार तोंडात आला होता. पण का कोण जाणे, मी सायकल परत घेतली आणि आपल्या शाळेमागच्या गल्लीत आले. तिथे अजून एक सायकलवाले काका बसतात. वय पंचाहत्तरच्या पुढे. शाळेत असताना आपण त्यांच्याकडे फुकट हवा भरायचो आणि पंक्चरचे पैसे उधार ठेवायचो. तुमच्यापैकी काहींची उधारी अजून बाकी आहे, असं त्यांनी मला सांगायला सांगितलं आहे.

काकांनी फ्रेमवर नख वाजवून बघितलं. म्हणाले, "ताई, ही नळी पातळ आहे. सांध्यात पितळ ओतून जोडलेली आहे. हिच्यावर विजेचं वेल्डिंग मारलं तर नळी जळेल, रंग जाईल, आणि उद्या चाकी झिजली तर काढणार कशी? कंपनीने पट्टी दिली होती ती काही पैसे वाचवायला नव्हे. पट्टी लावायची. जी काढता येते ती दुरुस्ती." मग विचारलं, "नळी मोजली का?" मी गप्प. काकांनी व्हर्निअर काढला. २८.६ मिलिमीटर, म्हणजे बरोबर सव्वा इंचाला अष्टमांश कमी, एक पूर्णांक एक अष्टमांश इंच. जुन्या इंग्लिश सायकलींच्या सीटच्या नळीचं हेच माप. "आधी मोजायचं, मग मागवायचं," ते म्हणाले. हे वाक्य मी आता ऑफिसात लावलं आहे.

माप कळल्यावर शोध सोपा झाला, पण लवकर संपला नाही. जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मी सात रविवार गेले. आठव्या रविवारी गंजलेल्या बिजागऱ्यांच्या ढिगात एक पट्टी मिळाली, जेन्ट्स सायकलची, पण माप तेच. चाकी मात्र तडकलेली होती. तिसऱ्या रांगेतल्या माझ्या सहआरोपीला फोन केला. तिच्या ओळखीच्या एका लेथवाल्याने तडकलेली चाकी बघून पितळेची नवी कातून दिली. पैसे तिने भरले. तीस वर्षांनी का होईना, गुन्ह्यातला अर्धा वाटा चुकता झाला.

बसवायचं काम काकांनी माझ्याकडून करून घेतलं, स्वतः स्टुलावर बसून. सगळ्यांत आधी त्यांनी शिवणाचा पांढरा दोरा मागितला. पुढच्या पट्टीपासून हबच्या साखळीपर्यंत तो ताणून धरायला लावला. दोरा उभ्या नळीला जिथे आणि ज्या कोनात भेटतो तिथे पेन्सिलने खूण. चाकीची खाच त्याच रेषेत आली पाहिजे. बोटभर वर-खाली झाली तर वायर खाचेच्या कडेवर चढते, घासते आणि वर्षभरात तुटते. मग जुन्या ट्यूबची पातळ पट्टी कापून नळीभोवती गुंडाळली, त्यामुळे पट्टी घसरत नाही आणि रंगही खरवडत नाही. मग पट्टी, वायसर, बोल्ट. मी जोर लावून आवळायला लागले तर काकांनी पाना हातातून काढून घेतला. "नळी पोकळ आहे, ताई. पट्टी फिरणार नाही इतकंच. त्याच्या पुढे गेलात तर नळी चेपते." चाकीच्या आसाला तेलाचा एक थेंब. नवी वायर ओवली.

आता मापात बसवणं. खटका २ वर ठेवायचा. मागच्या चाकाच्या उजव्या नटला एक छोटी खिडकी असते. तिच्यातून बघायचं: साखळीला जोडलेल्या दांड्याचं टोक आसाच्या टोकाशी बरोबर सपाटीत आलं पाहिजे. आत राहिलं तर वायर सैल, बाहेर आलं तर जास्त ताणलेली. साखळीजवळची छोटी नळी आट्यांवर फिरवून ते जुळवायचं आणि नट लावून पक्कं करायचं. मला वाटलं जमलं. बसले आणि गल्लीतून निघाले. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मधे एक रिकामी जागा असते. वायर नीट जुळलेली नसेल तर हब तिथे अडकतो, पायडल एकदम मोकळं फिरतं आणि आपण दांडीवर आदळतो. लेडीज सायकलला दांडी नसते, म्हणून मी थेट रस्त्यावर आदळले. गुडघा फुटला. काका स्टुलावरूनच म्हणाले, "अर्धा फेरा अजून." अर्धा फेरा फिरवला. टिक, टिक. तिन्ही गिअर लागले.

तेव्हा त्यांनी सहज एक गोष्ट सांगितली आणि माझ्या पोटात खड्डा पडला. मी विचारलं होतं, वायर तुटली तर हब कुठल्या गिअरवर राहतो? माझी कल्पना होती की मधल्या, सोप्या गिअरवर राहत असेल. काका म्हणाले, "आतली स्प्रिंग दांड्याला मागे खेचते. वायर नसली की तिसरा. सगळ्यांत जड."

मी घरी जाऊन कागद घेतला. बाई, तुम्हीच शिकवलं होतंत की वाईट वाटत असेल तर आधी गणित करून बघावं, खरंच तेवढं वाईट आहे का. या हबचा दुसरा गिअर सरळ, एकास एक. तिसरा त्याच्या चार तृतीयांश. पहिला तीन चतुर्थांश. पुढे ४६ दाते, मागे १८. पायडलच्या एका फेरीत पहिल्या गिअरवर सायकल साधारण चार मीटर जाते, दुसऱ्यावर सव्वापाच, तिसऱ्यावर सात. चार तृतीयांश भागिले तीन चतुर्थांश म्हणजे सोळा नवमांश. चढावर पहिल्या गिअरवर जो जोर लागला असता त्याच्या जवळजवळ पावणेदोन पट. आणि बाईंचा रस्ता? सकाळी सहकारनगरहून शाळेत येताना उतार. संध्याकाळी, सहा तास आणि दोन ज्यादा तास शिकवून झाल्यावर, सारसबागेवरून पर्वतीच्या पायथ्याने वर, सगळा चढ. बाई २००० साली निवृत्त झाल्या. म्हणजे सहा वर्षांहून जास्त, रोज.

गणित केल्यावर जास्तच वाईट वाटलं.

दोन आठवड्यांपूर्वी मी सायकल घेऊन बाईंकडे गेले. सगळं सांगितलं. ओंकारेश्वर, गटार, रिबीन. सोळा नवमांशसुद्धा सांगितलं. बाईंनी चष्मा काढून पुसला, परत लावला. म्हणाल्या, "भागाकार बरोबर आहे. गृहीतक चुकलं. पर्वतीच्या चढाला मी सायकल चालवायचेच नाही. उतरून हातात धरून चालत जायचे."

मला काय बोलावं ते सुचेना. मी विचारलं, "बाई, तुम्हाला कळलं नव्हतं का कोणी केलं ते?"

"रिबीन होती. म्हणजे मुलगा नव्हता, इतपत कळलं होतं."

"मग विचारलं का नाही?"

"अगं, शाळेत शेकडो मुली. त्या सगळ्यांकडे रोज संशयाने बघत शिकवण्यापेक्षा चालणं सोपं होतं. दुकानात विचारलं होतं, तो भाग येत नाही म्हणाले. एक जण म्हणाला हब काढून साधा घाला. आत्याचा हब काढायचा नव्हता." मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, "चालण्याचं काही नाही. पण कोणीतरी येऊन सांगेल, असं मला दहावीचा निकाल लागेपर्यंत वाटत होतं."

मित्रमैत्रिणींनो, एवढंच वाक्य सांगायला मी आज इथे उभी आहे. पट्टी मोडली ते चौदा-पंधरा वर्षांच्या पोरींचं धसमुसळेपण. ते बाईंनी त्याच दिवशी सोडून दिलं असतं. पण एका वाक्यासाठी बाई सहा महिने वाट बघत राहिल्या आणि ते वाक्य आम्ही दिलं नाही, ते आमचं. त्याला जुन्या बाजारात सुटा भाग मिळत नाही.

मी बाईंना विचारलं, हे मेळाव्यात सांगू का? म्हणाल्या, "सांग. पण नुसतं रडगाणं नको. पुली कशी बसवायची तेही सांग, कुणाच्या तरी उपयोगी पडेल." म्हणून मघाचा तांत्रिक भाग. वायर वाट दाखवते, गुरू मार्गदर्शक, असलं काही मी जोडणार नाही. बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत आणि गणिताच्या वहीत साहित्य लिहिलेलं त्यांना कधीच चालत नसे.

आता सायकलचं पुढे काय? ती बाईंनी शाळेला दिली आहे. मुख्याध्यापकांनी जिन्याखाली जागा दिली. मला वाटलं होतं की काचेत ठेवू, माहिती लिहू, कर्वेनगरच्या सायकल संग्रहालयात असतात तशी. बाईंनी मोडीत काढलं. सायकल चालली पाहिजे, मुलांनी ती चालवली पाहिजे. काकांनी वर्षातून दोनदा तेल-पाणी करायचं कबूल केलं आहे. त्याचे पैसे आपल्या तुकडीने द्यायचे. पंक्चरच्या जुन्या उधारीसकट, असं त्यांचं म्हणणं.

हँडलला एक छोटी पाटी अडकवली आहे. अक्षर बाईंचं. ज्यांनी येताना वाचली नसेल त्यांनी जाताना वाचा. आपल्या पेठेतल्या पाट्यांची कीर्ती तुम्हाला ठाऊक आहेच. ही त्या मानाने फारच मवाळ आहे:

'सायकल न्यावी. विचारून न्यावी. मोडल्यास सांगावे.'

बाई, मोडली होती. आम्ही मोडली होती.